बोरन्हाण, अठरा वाहती नाकं आणि आमचं आठ महिन्यांचं बाळ

चिऊमाऊ | ८ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला. घरात सासूसासरे, नवरा, मी, मोठी चिऊ (साडेचार वर्षं, ज्युनियर केजी) आणि धाकटा माऊ, आठ महिन्यांचा. सासरे ७४ चे, दमा आहे, पंप रोजचा. नोव्हेंबरपासून सर्दी आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहतेय. चिऊ शाळेतून आणते, मला देते, मी नवऱ्याला देते, तो बरा होईपर्यंत चिऊ नवीन घेऊन येते. डिसेंबरात सासऱ्यांच्या छातीत उतरली तर पाच दिवस नेब्युलायझर चालू होता. माऊला दोनदा झाली, नाक चोंदलं की त्याला दूधच ओढता येत नाही, दोन रात्री मी त्याला खांद्यावर उभा धरून खुर्चीत बसून काढल्या.

आता मुद्दा. त्याची पहिली संक्रांत, त्यामुळे १८ तारखेला बोरन्हाण ठरलंय. काळं झबलं शिवून झालं, हलव्याचे दागिने आले, मुकुट बासरी सगळं. यादी अठरा मुलांची. आज लिफ्टमध्ये त्यातली पाच भेटली, तिघांच्या नाकाला धार. आणि बोरन्हाणात काय होतं ते तुम्हाला माहितीये, बोरं-चुरमुरे-गोळ्या डोक्यावरून ओतल्या की सगळी पलटण वेचायला बाळाच्या अंगावरच पडते.

नाही कसं म्हणू? आणि मुळात घरात एकाला झाली की बाकीच्यांना होऊ नये म्हणून खरंच काही करता येतं का, की हे चालायचंच? "थंडीत होतंच गं" हे उत्तर नको, ते घरी रोज मिळतं.

खवट_खोबरं | ८ जानेवारी, रात्री ११:३१

बोरांऐवजी पॅरासिटामॉलच्या गोळ्या उधळा, जाताना ज्याची त्याला उपयोगी पडेल. (हलके घ्या.)

सुंठीवाचून | ९ जानेवारी, सकाळी ६:०५

अगं इतकं काय घाबरायचं. आम्ही एका वाड्यात चौदा पोरं वाढलो, सगळ्यांची नाकं बारा महिने वाहायची. बाळाला सकाळी मधात वेखंड उगाळून चाटव, संध्याकाळी ओव्याची धुरी दे, तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीनं छाती शेक. टाळूला तेल, पायात मोजे, डोक्याला कुंची. सासऱ्यांना सुंठ-गूळ-तूप. बोरन्हाण थाटात कर, पहिलं वर्ष परत येत नाही.

स्टेथोवाली | ९ जानेवारी, दुपारी २:४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, ओपीडीतून जेवायच्या सुट्टीत लिहितेय म्हणून तुटक वाटेल.

@सुंठीवाचून, रागावू नका पण आधी मध थांबवा. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटण म्हणून नाही, बोटाला लावूनही नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्याचं काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. वर्षानंतर खोकल्याला मध चांगला आहे, तेव्हा खुशाल द्या. धुरी तर ज्या घरात दम्याचे आजोबा आहेत तिथे नकोच. कापूर-मेंथॉलचं मलम दोन वर्षांच्या आत नाही. वाफाऱ्याचं भांडं रांगत्या बाळाजवळ नाही, दर थंडीत भाजलेली दोन-तीन मुलं बघते. पुरचुंडीचा शेक चालेल, आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. कुंची, मोजे तर हवेतच.

माऊचं नाक चोंदलं तर सलाइनचे नाकातले थेंब, पाजण्याआधी दहा मिनिटं. मेडिकलवाल्याकडून सर्दीचं सिरप आणू नका. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली द्यायची नाहीत असं डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी लेबलवर छापायला लावलंय, तरी घरोघरी तीच बाटली असते.

आणि हे लिहून ठेवा: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त असतील, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, दूध निम्म्यावर आलं असेल तर इथे धाग्यावर विचारत बसू नका, निघा.

लसीबद्दल रात्री लिहिते.

सुंठीवाचून | ९ जानेवारी, दुपारी ३:१५

मधाचं माहीत नव्हतं. चार नातवंडांना चाटवलाय, देवाची कृपा. बाकी धुरीबद्दल माझं मत तेच आहे.

थंडगार_निफाड | ९ जानेवारी, संध्या. ७:२२

आमच्याकडे पारा एक आकडी झाला की पेपरात फोटो येतो, द्राक्षबागेत शेकोट्या. पण खरं सांगू, आम्ही शेतावर राहणारे, पहाटे चारला पाणी द्यायला उभे असतो तरी सर्दी होत नाही. ती होते लेक नाशिकहून कॉलेजच्या बसनं घरी आली की. म्हणजे थंडी आणि सर्दीचा संबंध नाही असं म्हणायचं का?

खवट_खोबरं | ९ जानेवारी, संध्या. ७:३०

बसचा आणि सर्दीचा आहे. थंडीत एसटीची काच उघडायचा प्रयत्न करून बघा, अख्खी गाडी तुमच्यावर ओरडेल. चाळीस माणसं, एक हवा.

पत्ता_मॅडिसन | ९ जानेवारी, रात्री १०:०२

@थंडगार_निफाड, या प्रश्नावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. इंग्लंडात सॅलिसबरीजवळ १९४६ ते १९९० सर्दीवरच एक संशोधन केंद्र चालू होतं, तिथे स्वयंसेवक चक्क सुट्टी घालवायला यायचे, नाकात विषाणू टाकून घ्यायचे आणि फुकट राहायचे. त्यातल्या काहींना आंघोळ घालून ओल्या मोज्यांत वाऱ्यात उभं केलं, सर्दी काही वाढली नाही. मग २००५ मध्ये कार्डिफला ९० जणांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात बुडवले आणि ९० जणांचे रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या १३ जणांना सर्दी, कोरड्यातल्या ५ जणांना. म्हणजे आजी म्हणायची ते अगदीच खोटं नसावं, पण विषाणू आधी आत असावा लागतो, नुसत्या गारठ्यातून तो जन्माला येत नाही.

फ्लूचं थोडं वेगळं आहे. २००७ मध्ये न्यूयॉर्कला गिनीपिगांवर दाखवलं की थंड आणि कोरड्या हवेत फ्लू एकाकडून दुसऱ्याकडे जास्त सहज जातो.

रच्याकने (बाय द वे), मी राहतो त्या गावातला एक किस्सा आहे, पत्त्यांचा. कुणाला हवा असेल तर सांगतो.

खवट_खोबरं | ९ जानेवारी, रात्री १०:०५

आता पत्ते पिसून झाल्यावर विचारताय होय, वाटा की.

पत्ता_मॅडिसन | ९ जानेवारी, रात्री १०:४८

घ्या. १९८७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्दी झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांना एका खोलीत बारा-बारा तास पोकर खेळायला बसवलं. निरोगी लोकांपैकी निम्म्यांच्या हातांना पट्ट्या किंवा गळ्यात मोठी प्लॅस्टिकची कॉलर, म्हणजे हात नाकाडोळ्यांपर्यंत पोचूच नये. निकाल काय, मोकळ्या हातांच्या १८ पैकी १२ जणांना सर्दी आणि बांधलेल्या हातांच्या १८ पैकी १० जणांना. फारसा फरक नाही. मग आजारी लोकांनी बारा तास वापरून बरबटलेले पत्ते दुसऱ्या खोलीत निरोगी लोकांना खेळायला दिले आणि सांगितलं की मुद्दाम नाकाडोळ्याला हात लावा. बारापैकी एकालाही सर्दी नाही.

तात्पर्य हातात नाही, हवेत आहे. खिडक्या उघडा.

सोवळं_ओवळं | १० जानेवारी, सकाळी ९:१९

एवढ्यावरून हात धुणं सोडू नका हं कुणी. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. त्याआधी १९७८ मध्ये व्हर्जिनियात उलटा निकाल आला होता, तिथे हातातून हातात सर्दी जास्त पसरली आणि हवेतून जवळजवळ नाहीच. सर्दीचा एक विषाणू नाही, नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे १६० च्या वर प्रकार आहेत, त्यात बाकीची भावंडं वेगळी. म्हणून तर एकदा झाली की सुटलो असं होत नाही.

आणखी एक, सॅनिटायझर फ्लूच्या विषाणूवर छान चालतं कारण त्याला चरबीचं आवरण असतं, ते विरघळतं. ऱ्हायनोला आवरणच नाही, त्याच्यावर अल्कोहोल तितकं चालत नाही. साधा साबण, वीस सेकंद, वाहतं पाणी. बोरन्हाणाला आलेल्या प्रत्येक पोराचे हात बेसिनवर धुवून घे, चिऊमाऊ. पोरांना ते खेळ वाटतं, त्यांच्या आयांना अपमान वाटतो, तेवढं सोस.

कट्ट्यावरचे_काका | १० जानेवारी, सकाळी १०:५०

मुख्य गुन्हेगार राहिला, रुमाल! सकाळी घडी घालून खिशात, दिवसभर त्यात शिंकायचं, त्याच हातानं बसची दांडी, दुकानात नोटा, आणि रात्री तो बायकोच्या धुण्यात. खिशात पाळलेला शेंबूड दुसरं काय. शिंक आली की कोपरात शिंकावं, आमच्या नातवाला शाळेत शिकवलंय, तो मलाच ओरडतो.

पूर्वी बाहेर निघताना कुणी शिंकलं की अपशकुन म्हणून पाच मिनिटं थांबायचे. विज्ञानाच्या दृष्टीनं पाच मिनिटं कमीच, पण दिशा बरोबर होती.

टोकियोतून_टिकू | १० जानेवारी, दुपारी १:३३

इकडे दोन गोष्टी बघितल्या त्या सांगते. एक, मास्क आजारी माणूस लावतो. आपल्याकडे उलट, शिंकणारा मोकळा आणि घाबरणारा मास्कमध्ये. इथे ट्रेनमध्ये मास्क घातलेल्याकडे कुणी वळून बघत नाही.

दुसरं, शाळा. माझ्या मुलाला फ्लू निघाला तेव्हा शाळेनं स्पष्ट सांगितलं, सुरुवात झाल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यावर दोन दिवस (बालवाडीला तीन) हे दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय यायचंच नाही. कायद्यातच आहे ते. आणि ती गैरहजेरी गैरहजेरी म्हणून धरत नाहीत. वर्गातली बरीच मुलं आजारी पडली तर तेवढा वर्ग काही दिवस बंद. मी भारतात शिकले तेव्हा १०२ तापात चाचणी परीक्षा दिलीय आणि बाईंनी वर्गापुढे कौतुक केलं होतं.

पहिली_पाळी | १० जानेवारी, रात्री ११:५५

वाचतेय सगळं आणि लिहू की नको असं चाललंय. लिहितेच.

तुम्ही ज्या आयांबद्दल बोलताय ती मी. सकाळी सहाला मुलीचं अंग कोमट लागतं, थर्मामीटर काढत नाही कारण आकडा दिसला तर ठेवावं लागेल. पॅरासिटामॉल पाजते, डब्यात साधा वरणभात, आणि व्हॅनमध्ये बसवते. ते औषध चार-सहा तास टिकतं, तोपर्यंत शाळा सुटते. मी एका कंपनीत लाइनवर आहे, पहिली पाळी सातला. सुट्टी घेतली तर दिवस कापतात, महिन्यात दोनदा घेतली तर सुपरवायझर बोलावून घेतो. नवरा ट्रकवर. सासू गावाला. मग सांगा कुणी ठेवायचं?

वर शाळेत १०० टक्के हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं, स्टेजवर बोलावून. मागच्या वर्षी माझ्या मुलीला मिळालं. त्या वर्षभरात ती किती वेळा तापात गेली हे मला माहिती आणि त्या व्हॅनमधल्या नऊ मुलांना माहिती. थंडीत व्हॅनला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक लावतात, आत बसलं की चष्म्यावर वाफ धरते.

मला वाईट वाटत नाही असं नाही. पण "आजारी मुलाला घरी ठेवा" हे सांगायला सोपं आहे.

चिऊमाऊ | ११ जानेवारी, सकाळी ७:४०

@पहिली_पाळी, ताई तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी परवा लिफ्टमध्ये मनातल्या मनात तीन आयांना शिव्या घातल्या. त्यातली एक शिफ्टमध्येच काम करते, हे आत्ता लक्षात आलं. आणि चिऊला नोव्हेंबरात नाक गळत असताना मीही पाठवलंय, स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस होती म्हणून.

सोवळं_ओवळं | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

१०० टक्के हजेरीचं बक्षीस बंद व्हायला पाहिजे. आमच्या मुलाच्या शाळेच्या पालकसभेत मी हे मांडलं तर एक बाबा म्हणाले मग शिस्त कशी लागणार. ते बोलताना सलग खोकत होते.

व्हॅनवाले_दादा | ११ जानेवारी, रात्री ९:१०

मी शाळेची व्हॅन चालवतो, बायकोनं हा धागा वाचून दाखवला. प्लॅस्टिक आम्ही हौसेनं लावत नाही, नाही लावलं तर पालकांचे फोन येतात पोरगं गारठलं म्हणून. उद्यापासून मागची एक बाजू वीतभर उघडी ठेवून बघतो. पोरांना टोप्या घालून पाठवा मग.

पत्ता_मॅडिसन | ११ जानेवारी, रात्री ९:२५

दादा, आख्ख्या धाग्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तुमचं आहे. एका बाजूची फट आणि पुढची काच थोडी खाली, म्हणजे हवा आरपार जाईल.

अण्णा_१९४१ | १२ जानेवारी, सकाळी ५:५०

माझे वडील सांगत, त्यांच्या लहानपणी मानमोडीची, म्हणजे फ्लूची साथ आली होती, १९१८ ची. मुंबईत जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांना ताप आला तिथून सुरुवात, पुढे रेल्वेबरोबर सगळीकडे. ऑक्टोबरात कहर झाला. देशात सव्वा कोटीच्या पुढे माणसं गेली म्हणतात. आमच्या घरातली तीन. वडिलांना त्यांच्या आत्यानं गावाबाहेर मळ्यातल्या खोपीत नेऊन ठेवलं, जेवण बांधावर ठेवून जायची, जवळ यायची नाही. तिला कुणी विषाणू शिकवला नव्हता. ती दार उघडं ठेवून निजायला सांगे एवढं वडिलांच्या लक्षात होतं.

पेठेतली | १२ जानेवारी, सकाळी १०:१५

अण्णा, अंगावर काटा आला.

मला २००९ आठवतं, पुण्यात. ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळकरी मुलगी होती. शाळा-कॉलेजं, थिएटर, मॉल बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी ही रांग, आणि निम्म्या लोकांना तिथे उभं राहूनच होईल असं वाटायचं. मास्क संपले तेव्हा रुमालात कापूर आणि वेलची बांधून हुंगायचे मेसेज फिरत होते, आमच्या आईनं तशा सहा पुरचुंड्या केल्या. वेलची तेव्हा परवडायची.

स्कूटीवरच्या मुली मात्र निर्धास्त, त्यांचा स्कार्फ आधीपासूनच डोळ्यांपर्यंत.

खवट_खोबरं | १२ जानेवारी, सकाळी १०:२२

आणि विषाणूंची राष्ट्रीय संस्थाही पुण्यातच, १९५२ पासून. विषाणूनं देखील दुपारी एक ते चार त्रास देऊ नये अशी पाटी लावली असती तर बरं झालं असतं.

पेठेतली | १२ जानेवारी, सकाळी १०:२५

आला. एक ते चारचा विनोद आला. धागा आता अधिकृत झाला.

कुळीथकर | १२ जानेवारी, दुपारी १२:४०

अवांतर: सर्दी झाल्यावर आमच्याकडे सिंधुदुर्गात कुळथाची पिठी, गरमगरम, वर लसणीची फोडणी, आणि मऊ भात. पसरणं थांबत नाही पण पसरलेल्यांची एकाच पातेल्यात सोय होते. आता मला एक सांगा, पेरू खाल्ल्यानं सर्दी होते का? बायको गेली सहा वर्षं थंडीत घरात पेरू येऊ देत नाही.

सुंठीवाचून | १२ जानेवारी, दुपारी १२:५१

होते.

सोवळं_ओवळं | १२ जानेवारी, दुपारी १:०४

होत नाही. पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं. त्यानं सर्दी टळते असंही नाही, पण खाऊ द्या बिचाऱ्यांना.

नागपुरी_संत्रं | १२ जानेवारी, दुपारी १:२०

तुलनेसाठी नेमकं संत्रंच सापडलं काय बे तुम्हाले? निषेध.

खवट_खोबरं | १२ जानेवारी, दुपारी १:३१

पुढे केळं, दही, काकडी, चिंच, आंघोळीनंतर पंखा. शंभर प्रतिसाद होणार बघा.

स्टेथोवाली | १२ जानेवारी, रात्री १०:३०

तीन दिवस उशिरा आले, ओपीडी भरून वाहतेय. पेरूवर मत देणार नाही, मला याच गावात प्रॅक्टिस करायचीय.

लस. आधी हे समजून घ्या की ती फ्लूची आहे, साध्या सर्दीची लस नाही. सहा महिन्यांपासून पुढे देता येते, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरवर्षी द्यावी असं आम्हा बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पहिल्यांदाच घेणाऱ्या लहान मुलांना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. असर यायला साधारण दोन आठवडे. म्हणजे चिऊमाऊ, १८ तारखेच्या बोरन्हाणासाठी ती कामाची नाही. पण फ्लू महाराष्ट्रात फक्त थंडीचा नाही, सगळ्यात मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, आणि जानेवारी ते मार्च एक धाकटी. म्हणून आपल्याकडे पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये नवीन लस घेणं सोयीचं, दरवर्षी, कारण विषाणू कपडे बदलतो. आजोबांना दमा आहे, त्यांना फ्लूची आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरची) अशा दोन्ही विचारून घ्या, त्यांच्या डॉक्टरांना.

आजोबांना पुन्हा कणकण आणि अंगदुखीसह ताप आला तर "बघू दोन दिवस" नको. फ्लूवरच्या गोळ्या पहिल्या ४८ तासांत सुरू केल्या तर जास्त उपयोगी. अँटिबायोटिकचा सर्दी-फ्लूच्या विषाणूवर काहीही परिणाम नाही, मागच्या वेळची उरलेली तीन कॅप्सूल संपवायला घेऊ नका.

घरातल्या घरात: मोठ्यांमध्ये फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पाच-सात दिवस पसरतो, लहान मुलं त्याहून जास्त दिवस पसरवतात. साध्या सर्दीत पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. तेवढे दिवस चिऊला आजोबांच्या खोलीत झोपवू नका, तुम्हाला झाली तर मास्क लावून पाजा, पाजणं बंद करू नका. वेगळा पेला, वेगळा नॅपकिन, दुपारी ऊन असताना खिडक्या समोरासमोर उघड्या. शंभर टक्के थांबणार नाही. चारऐवजी दोघांना झाली तरी ते यश धरा.

थंडगार_निफाड | १२ जानेवारी, रात्री १०:४४

म्हणजे दुपारी बोरन्हाण, उन्हात. गच्ची आहे ना तुमच्याकडे?

कट्ट्यावरचे_काका | १२ जानेवारी, रात्री १०:५०

आणि बाळाच्या अंगावर पडण्याचा प्रश्न. बाळाला पाटावर बसवून आईबापानं हातानं थोडं ओतायचं, फोटो काढायचा, बाळ उचलायचं. मग उरलेलं सूप सतरंजीवर उधळायचं आणि पलटण सोडायची. आमच्या नातीचं असंच केलं, ती रडत होती म्हणून. रडण्याचं कारण सगळ्यांना पटतं, विषाणूचं पटत नाही.

पहिली_पाळी | १३ जानेवारी, पहाटे ५:१५

बोलावताना "ज्यांना बरं नाही त्यांनी येऊ नका" असं नका लिहू, कुणीच स्वतःला त्यात धरत नाही, मी पण धरणार नाही. "ज्याला बरं नसेल त्याचा खाऊ आम्ही घरपोच देऊ" असं लिहा. खाऊ बुडत नाही म्हटल्यावर मुलंच ऐकतात.

चिऊमाऊ | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

हे जसंच्या तसं टाकतेय ग्रुपवर. सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या ही बाई हुशार आहे.

चिऊमाऊ | १९ जानेवारी, रात्री १०:२०

वृत्तांत देते, नाहीतर तुम्ही सोडणार नाही.

गच्चीवर, दुपारी साडेतीन, ऊन कडक. पाच घरांतून निरोप आले की मुलाला बरं नाहीये, खाऊ पाठवा. पाच! यांतली एकही बाई एरवी आली नसती असं नाही. पलीकडच्या विंगेतल्या एक काकू, ज्या प्रत्येक बाळाचा मुका घेतात, त्या स्वतःच खोकला म्हणून आल्या नाहीत, सुंठीवाचून खोकला गेला (आजी, तुमच्या नावाचा वापर केला, राग नसावा). तेरा मुलं आली. चिऊ गच्चीच्या नळापाशी साबण घेऊन उभी, एकेकाचे हात तपासून आत सोडत होती, कंडक्टरसारखी.

काकांच्या पद्धतीनं केलं. माऊ पाटावर चार मिनिटं होता, त्यात त्यानं हलव्याचा बाजूबंद तोंडात घातला, मुकुट सासऱ्यांनी काढून स्वतः घातला. मग उधळलं. बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे. गोळ्यांच्या जागी छोट्या वड्या, कागदात गुंडाळलेल्या. एका पाहुण्या बाईनं गालाला हात लावायला पुढे केला तर सासूबाई म्हणाल्या, "लांबूनच बघा हो, आत्ताच तीट लावलीय, पुसेल." मी बघतच राहिले.

सुंठीवाचून | १९ जानेवारी, रात्री १०:३२

अगं राग कसला. तीट लावली ना, मग झालं. धुरी नाही दिलीस ते मात्र...

चिऊमाऊ | २२ जानेवारी, सकाळी ७:१८

अपडेट. सर्दी आली. नवऱ्याला. ऑफिसच्या कॅबमधून, एसी चालू, काचा बंद, शेजारचा दोन दिवस शिंकत होता आणि ह्यानं भिडेखातर काच उघडली नाही. हॉलमध्ये झोपवलंय, पेला वेगळा, मास्क लावून फिरतोय आणि दर तासाला सुस्कारे. माऊ आणि सासरे आत्तापर्यंत ठीक, श्वास मोजले, ३८.

रथसप्तमीला बायकांचं हळदीकुंकू आहे. हाताला हात न लावता अत्तर कसं लावतात, कुणाला कल्पना?

खवट_खोबरं | २२ जानेवारी, सकाळी ७:२६

गुलाबदाणी. लांबून शिंपडा. नवरा शिंपडतोयच तसा.